मस्टर आणि मैदान

मुंबईच्या फुटबॉलमध्ये मी दोन्ही बाजूंना राहून आलो आहे. आधी एका बँकेच्या टीमचा खेळाडू म्हणून आणि पुढे व्हीआरएस घेऊन क्लबचा कोच म्हणून. आमच्या क्लबात सध्या एकाच विषयावर बैठका चालू आहेत. खालच्या लीगमध्ये खेळणाऱ्या आपल्यासारख्या क्लबने पगारी, पूर्ण वेळ खेळाडूंचा हट्ट सोडावा आणि नोकरीधंदा सांभाळून खेळणारी मुलं घ्यावीत का? माझं उत्तर 'हो' आहे. पण त्या होकाराला अटी आहेत. कमिटीतल्या बऱ्याच जणांना होकार ऐकू येतो आणि अटींच्या वेळी चहा येतो, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

बैठकीत एक वाक्य हमखास येतं : "अहो, आमच्या वेळी सगळे नोकरी करूनच खेळत होते." बोलणारे गृहस्थ सत्तरीचे असतात. त्यांनी कूपरेजवर टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, सेंट्रल रेल्वे, वेस्टर्न रेल्वे, आरसीएफ अशा टीम्स पाहिलेल्या असतात. हारवूड लीगच्या आणि रोव्हर्स कपच्या मॅचेस त्यांना गोलांसकट आठवतात. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसोझा याच मुंबईतून गेले, हे ते अभिमानाने सांगतात आणि तो अभिमान रास्त आहे. पण त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात तो मला पटत नाही.

मी स्वतः स्पोर्ट्स कोट्यातून बँकेत लागलो. सकाळी मस्टरवर सही करायची, दुपारपर्यंत लेजर लिहायचं आणि जेवणाची सुट्टी झाली की बॅग उचलून मैदान गाठायचं. उरलेलं काम शेजारच्या टेबलावरचे सहकारी ओढायचे. कुणी कुरकुर केली तर साहेबच त्याला गप्प करायचे, कारण टीमचे मॅनेजर त्यांच्याहून वरच्या हुद्द्यावर असत. हंगामात आम्ही 'ऑन ड्यूटी' असायचो. बाहेरगावच्या स्पर्धेला स्पेशल लीव्ह आणि प्रवासभत्ता. गुडघा सुजला तर बँकेचं मेडिकल. बूट, किट, प्रॅक्टिसनंतरची केळी आणि उकडलेली अंडीसुद्धा बँकेची. याला नोकरी सांभाळून खेळणं म्हणता येत नाही. मालकाने पगार आणि पेन्शन देऊन चालवलेला तो पूर्ण वेळ फुटबॉल होता. फक्त पगाराच्या पावतीवर 'क्लार्क' लिहिलेलं असे.

हे मुंबईपुरतंच नव्हतं. १९९० आणि १९९१ अशी सलग दोन वर्षं केरळ पोलिसांनी फेडरेशन कप जिंकला. आय. एम. विजयन आणि व्ही. पी. सत्यन हे त्या संघाचे खेळाडू. २०२४ साली गोव्याला हरवून संतोष ट्रॉफी नेणारा सेनादलाचा संघही नोकरदारांचाच. पण त्यांची नोकरी आणि त्यांचा खेळ यांत भांडण नव्हतं. दोघांचा मालक एकच होता.

आजच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. आमच्याकडे जी मुलं येतात त्यांतलं कुणी मॉलमधल्या शोरूममध्ये उभं असतं, कुणी सहारला कार्गोत रात्रपाळी करतं, कुणी खाजगी शाळेत पीटीचा कंत्राटी शिक्षक असतं, कुणी दुचाकीवर जेवणाची पार्सलं पोचवतं. त्यांच्या साहेबाला त्यांच्या फुटबॉलचं काडीचं सोयरसुतक नाही. बुधवारी मॅच आहे म्हणून अर्धा दिवस मागितला तर पैसे कापले जातात, दुसऱ्यांदा मागितला तर पुढच्या महिन्याचा रोस्टर मुद्दाम वाकडा लावला जातो. तेव्हा जुन्या काळाचा दाखला देऊन 'तेव्हा जमत होतं, आता का जमत नाही' असं विचारणं या मुलांवर अन्याय करणारं आहे.

ऑफिस टीम्स का गेल्या हेही इथे सांगायला हवं. १९९६ला नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली, २००७ला तिची जागा आय-लीगने घेतली. पहिली नॅशनल लीग जिंकणारी फगवाड्याची जेसीटी मिल्सची टीम २०११ साली बंद झाली. २००५-०६ची लीग जिंकणाऱ्या महिंद्र युनायटेडनेही २००९-१०च्या हंगामानंतर गाशा गुंडाळला. मग क्लब लायसन्सिंगचे नियम आले : क्लब ही स्वतंत्र कायदेशीर संस्था हवी, तिच्या युवा टीम्स हव्यात, खेळाडूंशी व्यावसायिक करार हवेत. एअर इंडिया आणि ओएनजीसी त्यात बसल्या नाहीत आणि २०१३ला आय-लीगच्या बाहेर गेल्या. नियमांमागचा हेतू चांगला होता, हे मी तेव्हाही म्हणत होतो. पण ऑफिस टीमच्या जागी जो पूर्ण वेळ क्लब उभा राहायचा होता तो आपल्या शहरात टिकला नाही. २००७ला सुरू झालेला मुंबई एफसी २०१७ला आय-लीगमधून खाली घसरला आणि संपला. बँकांनी फुटबॉलपटूंची भरती केव्हाच थांबवली होती. जुनी वाट बुजली आणि नवी अर्ध्यातच सुटली, आणि आमच्यासारखे क्लब मध्येच अडकले.

आमच्या क्लबने पूर्ण वेळेचा रस्ता धरला तो आय-लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनच्या आशेने. एका बांधकाम व्यावसायिकाने पैसा घातला. मिझोराम, मणिपूर, केरळ, गोवा आणि कोल्हापूर इथून मुलं आणली. खारघरला दोन फ्लॅट भाड्याने घेतले, स्वयंपाकाला बाई ठेवली. पगार महिना पंधरा ते वीस हजार, दोन-तीन जणांना थोडा जास्त. करार सप्टेंबर ते एप्रिल.

त्या फ्लॅटमध्ये मी अनेक दुपारी बसलो आहे. बाल्कनीत वर्तमानपत्रावर उलटे ठेवलेले बूट, त्यांच्या स्टडमध्ये अडकलेली टर्फची काळी रबरी भुकटी, दोरीवर एकाच रंगाचे मोजे, हॉलमध्ये ओळीने गाद्या आणि प्रत्येक गादीवर उशाला चार्जर. प्रॅक्टिस सकाळी साडेसहा ते साडेआठ. साडेनऊला नाश्ता झाला की मुलं आडवी व्हायची ती चारपर्यंत. दुसरं सत्र घ्यायला मैदान नव्हतं, कारण टर्फचं तासाचं भाडं क्लबला झेपत नव्हतं. सोसायटीच्या जिममध्ये भाडेकरूंना मज्जाव होता. फिजिओ आठवड्यातून एकदा यायचा. मुलांचा सगळा दिवस आम्ही विकत घेतला होता आणि त्यातले दोन तास वापरत होतो. एकोणीस-वीस वर्षांची पोरं मोबाइलवर सट्ट्याची ॲप्स खेळू लागली, गावाकडे पाठवायचे पैसे त्यात घालवू लागली. एका केरळी मुलाने मला सरळ विचारलं, "सर, दुपारी मी कॉम्प्युटर क्लासला जाऊ का?" मी हो म्हटलं. मालकांनी नाही म्हटलं, करारात दुसरं काही करायचं नाही असं कलम होतं.

खालच्या लीगमधल्या पूर्ण वेळेचं खरं रूप हे आहे. वरच्या क्लबात पूर्ण वेळ म्हणजे सकाळचं सत्र, जिम, मोजून-मापून जेवण, झोप, व्हिडिओ, मसाज, पुन्हा सत्र. ते सगळं करायची ऐपत असेल तर पूर्ण वेळ खेळाडू अर्धवेळाला मैदानावर पुरून उरतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ऐपत नसेल तर मुलाला फक्त बाकी सगळं करण्यापासून अडवलं जातं. वर सप्टेंबर ते एप्रिल म्हणजे आठच महिने. उरलेले चार महिने पगार नाही, आणि त्या चार महिन्यांसाठी कुणी नोकरीवर ठेवत नाही.

माझं मत बदललं ते एका दुखापतीने. कोल्हापूरचा एक लेफ्ट बॅक होता, डाव्या पायाने क्रॉस टाकायचा तो थेट सहा यार्डांच्या चौकटीत पडायचा. फेब्रुवारीतल्या एका मॅचमध्ये वळताना त्याचा पाय टर्फमध्ये रुतला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. तो खाली बसला आणि गुडघा दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे बघत राहिला. एमआरआयमध्ये एसीएल तुटलेलं निघालं. क्लबने एमआरआयचे आणि ऑपरेशनचे थोडे पैसे दिले. करार एप्रिलला संपला आणि त्याबरोबर क्लबची जबाबदारीही संपली. वडील शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करणारे. त्यांनी पतपेढीतून कर्ज काढलं. "सर, आता म्या काय करू सांगा की," असं तो फोनवर विचारायचा आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

त्याच हंगामात रेल्वेच्या एका खेळाडूचंही एसीएल गेलं. रेल्वेच्या इस्पितळात ऑपरेशन झालं, पगार चालू राहिला, बरं होईपर्यंत त्याला बसून करायचं काम दिलं. पुढच्या हंगामात तो आमच्याविरुद्ध खेळलाही. दुखणं तेच, वयही जवळपास तेच. तेव्हापासून मी खेळाडूची सुरक्षितता कराराच्या नावावर मोजायची सोडली. पाय मोडल्यावर दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला त्याच्या घरी काय पोचतं, ते मी बघतो.

पुढे मी त्या मुलाला भेटायला कोल्हापूरला गेलो. तो मामाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसत होता आणि हळूहळू तालमीकडून पुन्हा खेळायला लागला होता. शाहू स्टेडियमवर त्याच्याबरोबर एक मॅच पाहिली. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं तिथे पेठापेठांत घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४०पासून तिथे आहे. स्टेडियम भरलेलं होतं आणि मैदानावरचा जवळजवळ प्रत्येक स्थानिक खेळाडू दिवसा कुठे ना कुठे कामाला होता : गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, गुजरीत, वडिलांच्या टपरीवर. मी विचारलं, प्रॅक्टिसला सोडतात का? तो म्हणाला, "शेठ आमच्याच तालमीचं हायत न्हवं, साडेतीनला तेच म्हणत्यात जा आता."

मला हवं ते उत्तर तिथे मिळालं. कोल्हापुरात तालीम ही क्लबही आहे आणि मुलाच्या पोटापाण्याची काळजी करणारी पेठही. पूर्वी मुंबईत जे बँकेने आणि रेल्वेने केलं ते तिथे पेठ करते. कोल्हापूरचं सगळंच छान आहे असं मी म्हणणार नाही. बाहेरून पैसे मोजून आणलेल्या खेळाडूंची चढाओढ तिथेही आहे, आणि पेठेपेठेतली ईर्षा कधी कधी हाणामारीवर जाते. पण नोकरी आणि खेळ यांच्या मधोमध तिथे कुणीतरी उभं आहे. आमच्याकडे ती जागा रिकामी आहे.

बांधकाम व्यावसायिकाने दोन हंगामांनंतर हात काढून घेतला. तेव्हापासून आमची टीम निम्मी करारावर आणि निम्मी नोकरीवाली, अशी चालली आहे. त्यामुळे नोकरीवाल्या मुलांना शिकवताना काय सापडतं हे मी जवळून पाहतो आहे.

अर्धवेळ खेळाडू पायांआधी डोक्याने थकतो. पहिली साठ मिनिटं फरक कळतही नाही. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास सेंटर बॅक पास घ्यायच्या आधी खांद्यावरून मागे बघणं सोडतो. मिडफिल्डर चेंडू येण्याआधी ठरवायचं ते चेंडू आल्यावर ठरवू लागतो. कॉर्नरला आपला माणूस कुठला हे दोघे एकमेकांना विचारत राहतात. गोल तिथे होतात. रात्रपाळी करून आलेला मुलगा तर वॉर्म-अपच्या वेळीच ओळखू येतो. धावतो नीट, पण हाक मारली की अर्ध्या क्षणाने वळतो. त्याला मी सरळ घरी पाठवतो.

कामाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. दिवसभर बाइकवर पार्सलं पोचवणाऱ्या मुलाची कंबर आणि जांघ इतकी आखडलेली असते की त्याला मी शूटिंग न देता अर्धा तास नुसतं स्ट्रेचिंग देतो. शोरूममध्ये दहा तास उभं राहणाऱ्याच्या पोटऱ्या आधीच भरलेल्या असतात. सगळ्यांत सुखी शाळेचे पीटी शिक्षक. दुपारी मोकळे, अंगाने सैल, आणि मुलांना शिकवत असल्यामुळे खेळ त्यांना जास्त समजायला लागतो. आमचा सध्याचा कॅप्टन असाच शिक्षक आहे आणि तो ड्रेसिंग रूममध्ये जे बोलतो त्यातलं निम्मं मी बोलायचं शिल्लक राहत नाही.

सरावाला मंगळवारी नऊ जण येतात, गुरुवारी तेरा. पूर्ण टीम हाताशी असेल तरच शिकवता येणारी गोष्ट म्हणजे सेट पीस. म्हणून मी आमचे कॉर्नर दोनच ठेवले आहेत, बचावात माणसाला माणूस न लावता जागा वाटून दिल्या आहेत, आणि प्रत्येकाची जागा दाखवणारी क्लिप व्हॉट्सॲपवर टाकतो. मुलं ती लोकलमध्ये बघतात. यातून जे सुटतं ते सुटतं. प्रेसिंगची गुंतागुंतीची रचना आम्हाला जमत नाही आणि ती जमेल असं मी कमिटीला कधीही सांगणार नाही.

अर्धवेळ टीम किती वर जाऊ शकते याचे दाखले शोधायला फार लांब नजर टाकावी लागते. स्कॉटलंडचा अर्ब्रोथ क्लब २०२१-२२ला दुसऱ्या स्तराच्या लीगमध्ये दुसरा आला. दिवसा कामधंदा आणि संध्याकाळी सराव करणारी मुलं पूर्ण वेळ क्लबांच्या वर राहिली. तोच क्लब दोनच वर्षांनी, २०२३-२४ला, तळाला जाऊन खाली घसरला. २०२५च्या क्लब वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीचे खेळाडू नोकरीतून रजा घेऊन आले होते. बायर्न म्युनिकने त्यांना १०-० हरवलं, बेनफिकाने ६-०. आणि तिसऱ्या मॅचमध्ये त्यांनी बोका ज्युनियर्सला १-१ रोखलं. गोल केला शिक्षक होण्यासाठी शिकत असलेल्या ख्रिश्चन ग्रेने. आमच्या मुलांनी ती मॅच पहाटे पाहिली आणि त्या दिवशीच्या प्रॅक्टिसला चौदा जण आले. मी त्यांना त्या १०-०बद्दलही बोलतं केलं. दोन्ही निकाल एकाच टीमचे आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

पूर्ण वेळेच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा वेगळाच आहे आणि तो मला मान्य आहे. अठरा-एकोणीस वर्षांचा खरोखर गुणी मुलगा असेल, तर नोकरी सांभाळून खेळण्यात त्याची तीच दोन-तीन वर्षं जातात ज्यांत तो वर जाऊ शकला असता. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुण्याच्या अकादमीत घडला आणि २०१७चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. तो दिवसा दुकानात बसून झाला नसता. म्हणून माझं म्हणणं आहे की एकवीसच्या आतली दोन-तीन मुलं पूर्ण पगारावर ठेवावीत, दुपारी त्यांना कॉलेजला किंवा आयटीआयला घालावं, आणि वरच्या क्लबकडून बोलावणं आलं तर एनओसी अडवू नये. बाकीच्यांना, विशेषतः चोविशी ओलांडलेल्यांना, 'तू प्रोफेशनल आहेस' असं सांगून आठ महिन्यांचा करार देणं मला पटत नाही. वरचंही काही भक्कम नाही. २०२५च्या जुलैत आयएसएलचा हंगामच थांबवण्यात आला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. देशातली सर्वांत वरची लीग असा झटका देते तिथे आमच्या पंधरा हजारांच्या कराराचं काय सांगावं?

त्यामुळे मी कमिटीकडे जे मागतो आहे ते असं. अर्धवेळ टीम करा, पण बँक जे करत होती त्यातला थोडा तरी भार क्लबने उचलावा. प्रत्येक खेळाडूचा अपघात आणि ऑपरेशनचा विमा क्लब भरेल, आणि करार संपला तरी त्या हंगामातल्या दुखापतीचा उपचार पूर्ण होईपर्यंत क्लब मागे हटणार नाही. मॅचमुळे बुडालेल्या दिवसाची हजेरी मॅच-फीच्या वेगळी मिळेल. क्लबचे जे सभासद स्वतः दुकानदार, शाळाचालक, कारखानदार आहेत त्यांनी किमान एकेका मुलाला अशी नोकरी द्यावी, जिथून त्याला सराव आणि मॅचसाठी सुटता येईल. भाषणं करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल. आणि लीगच्या संघटनेकडे सगळ्या क्लबांनी मिळून सांगावं की आठवड्याच्या मधल्या दुपारच्या मॅचेस कमी करा. नोकरीवाल्या मुलांची टीम बुधवारी तीन वाजता अकरा जण जमवू शकत नाही, हे तिथे खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

खजिनदारांनी हिशेब मांडला आहे. विमा आणि बुडीत हजेरी धरली तर जी बचत दाखवून हा प्रस्ताव आणला गेला ती निम्म्यावर येते. दोघा-तिघांचा उत्साह त्यामुळे ओसरला आहे. माझा ओसरलेला नाही. पैसे वाचवण्यासाठीच हे करायचं असेल तर मी त्यात नाही, हे मी त्यांना लेखी दिलं आहे.

प्रस्ताव मंजूर झाला तर सरावाची वेळ रात्री आठ ते साडेनऊ करावी लागेल, म्हणजे विरारच्या आणि कल्याणच्या मुलांनाही कामावरून पोचता येईल आणि शेवटच्या गाड्यांच्या आत घरी जाता येईल. त्या वेळेला दिवे असलेली मैदानं मोजकी आहेत आणि कोचिंग अकादम्या वर्षभराचे पैसे आगाऊ भरून बसल्या आहेत. पावसाळा संपायच्या आत दोन वार तरी मिळवायला हवेत. परळच्या एका मैदानवाल्यांशी बोलणं सुरू केलं आहे. मंगळवार मिळेल असं ते म्हणतात, गुरुवारचं अजून पक्कं नाही.